बिल्बाओचा नियम, कुरुळीचा गोलकीपर

माझे गुडघे आता जुन्या प्रेस मशीनसारखे वाजतात. मी जिना चढलो की खालच्या खोलीतली माणसं शिफ्ट सुरू झाली समजून डबे भरायला लागतात. तरी कुरुळीच्या गोलमध्ये इतकी वर्षं मीच उभा होतो. कंपनीत मला टोकन नंबराने हाक मारतात, गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, त्या दोन बांबूंमध्ये मात्र सगळं गाव ओरडायचं, "भाऊ, धरा!" तेवढ्या हाकेवर माझा आठवडा निघायचा.

ती हाक मी माझ्याच तोंडाने घालवली.

कंपनीच्या बसमध्ये मी रोज स्पेनमधलं बिल्बाओ सांगायचो. थोडं मोबाइलवर पाहिलेलं, बाकी पदरचं. तिथले डोंगर लोखंडाचे. भट्ट्या एवढ्या, की नदी उकळायची आणि बायका काठावर बसून अंडी उकडून घ्यायच्या. खाणीत राबायला लांबलांबची माणसं आली, आपल्यासारखीच दाटीवाटीने राहिली. पुढे भट्ट्या विझल्या, नदीकाठी चकचकीत संग्रहालय उभं राहिलं. "पण फुटबॉलचा क्लब बदलला नाही राव," मी आवाज चढवायचो, "संघात फक्त आपल्या मातीतली पोरं. बाहेरचा राजा आला तरी त्याने तिकीट काढून बघायचं!"

पुढच्या सीटवर माझा घरमालक ऐकत असायचा. जमीन कारखान्यात गेल्यापासून तोही आमच्याच लाइनवर. गावच्या संघाचा कप्तानही तोच. जत्रेतल्या सामन्यांआधी त्याने पारावर जाहीर केलं, "औंदा आपली बी टीम गावचीच. भाईरचं न्हाई कोणी."

मी लातूरचा.

"मालक, नियम अर्धाच राहिला," मी म्हणालो. "तिथं जो खेळ शिकला, तोही त्यांचाच धरतात. मी फुटबॉल पहिल्यांदा हातात धरला तो इथंच, तुमच्या मैदानात."

दोन्ही गोष्टी शंभर टक्के खऱ्या होत्या. पारावरची माणसं खदखदा हसली.

"व्हय का?" मालक म्हणाला. "परवा नदीत अंडी उकडत व्हता, आज नवं कलम काढलं!"

जत्रेच्या दिवशी रात्रपाळी करून थेट मैदानावर गेलो. डोळ्यांत वाळू भरल्यासारखी. समोर शेजारच्या निघोजे गावाचा संघ, आमच्या गोलमध्ये मालकाचा पुतण्या. चेंडू आला की तो असा बाजूला व्हायचा, जणू पाहुण्याला वाट देतोय. हाफटाइमला मालक माझ्याकडे आला.

"चला भाऊ, उतरा."

"आणि नियम?"

"तुमच्या तोंडचा नियम त्यो. खरा असंल कशावरनं?"

नियम खरा आहे, हे त्याला पुन्हा सांगावं असं फार वाटलं. पण वाद घालायला अंगात काही उरलं नव्हतं. पुतण्याने काढून दिलेले हातमोजे आतून ओलेगच्च होते. ते तसेच चढवले आणि बांबूंच्या मध्ये जाऊन उभा राहिलो.

मागून कोणीतरी ओरडलं, "भाऊ, नदी उकळली! धरा!"

मी गुडघ्यांवर हात टेकले. चेंडू अजून लांब होता.