दोन ग्रॅमचा भरवशाचा काटा

वहिनींचा उजवा कान आधीच गेल्ता. जूनमध्ये डॉक्टरनं डावाही जाणार म्हणून सांगून टाकलं. मशीन लावलं तर समोरच्याचं बोलणं थोडंफार कळेल म्हणे, पण गाणं-बिणं विसरा. त्याच दिवशी परतूरहून त्यांचा फोन आला. "भाऊजी, ह्यांची ती रेकॉर्ड एकदा ऐकवा. कान हाय तोवर."

'ह्यांची' म्हणजे माझ्या थोरल्या भावाची. त्याला जाऊन बारा वर्षं झाली. तरुणपणी त्यानं गायलेल्या दोन अभंगांची एका लहानशा कंपनीनं तबकडी काढली होती, मोजक्याच प्रती. घरातली प्रत मीच खराब केली. तेव्हा जुन्या जालन्यात माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. सुई उड्या मारायला लागली की आम्हा सगळ्या मेकॅनिकांचा एकच इलाज, सुईच्या दांडीच्या टोकावर चार आण्याचं नाणं ठेवायचं. सुई गप, गिऱ्हाईक खूश. त्या वजनानं सुई तबकडीची रेघच खरवडून काढते, हे कोणाच्या बापाला माहीत होतं! भावाच्या रेकॉर्डवर मी वर्षभर नाणं ठेवलं. शेवटी त्याचा आवाज पत्र्यावर वाळू घासल्यासारखा यायला लागला. भाऊ मला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

दुसरी प्रत धावड्याला, त्याच्या एका भजनी मित्राच्या घरी होती. त्यांच्याकडं वाजवायला मशीनच नव्हतं, म्हणून ती कोरी करकरीत राह्यली. इतकी वर्षं ती मागायची माझी हिंमत झाली नव्हती. वहिनींचा फोन आला अन् मी दुसऱ्याच दिवशी जाऊन घेऊन आलो. नवा प्लेयरही आणला.

प्लेयरबरोबरच्या कागदावर छापलेलं होतं, सुईवर दोन ग्रॅम वजन ठेवा. जास्त झालं तर रेघ घासणार. कमी झालं तर सुई नाचणार अन् तरीही रेघच बिघडणार. म्हणजे वजन बराबर सांगणारा भरवशाचा काटा पाहिजे. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. माझं फुंकणं काही संपेना.

प्लेयरसोबत एक प्लास्टिकचा काटा आल्ता, छोट्या तराजूसारखा. एका बाजूला सुई टेकवायची अन् दुसरी बाजू वर आली की आकडा वाचायचा. पण नजरेच्या अंदाजानं तोच काटा दोनही दाखवायचा अन् अडीचही. दिला फेकून. मंग ऑनलाइन स्वस्तातला डिजिटल मागवला. त्याची ताटली लोखंडी, अन् सुई बसवलेल्या डबीत असतं चुंबक. चुंबक लोखंडाला ओढायचं, आकडा दर वेळेस वेगळा. "अरे, काय ते एक सांग ना, लेका!" मी चक्क काट्यावर ओरडलो.

वहिनींचा फोन आला. "काय झालं, भाऊजी?"

"काटा बराबर न्हाई मिळून राह्यला. आठ-पंधरा दिवस थांबा."

"बरं," त्या म्हणाल्या.

सराफ्यात एक ओळखीचे शेठजी आहेत. ते म्हणाले, आमच्या काट्यावर बघा, केसाचंही वजन दाखवतो. काटा दुकानाबाहेर जात नसतो, म्हणून मीच प्लेयर रिक्षात घालून तिकडं गेलो. बांगड्या घ्यायला आलेल्या बाया माझ्याकडं बघत राह्यल्या. पण त्या काट्याची ताटली तबकडीपेक्षा चार बोटं उंच. दांडी तिरपी झाली की आलेल्या आकड्याचा काय भरवसा? शेठजी हसले. "दोन ग्रॅमसाठी एवढं? आम्ही सोन्यावरही इतका जीव टाकत न्हाई."

माझं डोकं फिरलं. "सोनं दुसरं मिळतं, शेठजी," मी म्हणालो.

त्यांनी मंग दोन ग्रॅमचं पितळी वजन काढून माझ्या हातावर ठेवलं. "कोणताही काटा घ्या, आधी हे ठेवून बघा. तीनदा ठेवा. तिन्ही वेळेस दोनच आलं तर तो काटा खरा."

मंग बसक्या ताटलीचा, लोखंड नसलेला काटा मागवला. पहिला आला तो चालूच होईना. परत पाठवला. बदलून यायला महिना गेला. मधे मधे मी वहिनींना फोन करून सगळं सांगायचो, उंची काय, चुंबक काय. त्या नुसतं "हं, हं" करायच्या. मला वाटलं, वैतागल्या असतील. असा कसा गाढव मी!

नवा काटा आला तेव्हा शेतांत कापूस वेचणी चालू झाल्ती. पितळी वजन तीनदा ठेवलं. दोन, दोन, दोन. मी एकटाच खोलीत टाळी वाजवली.

दुसऱ्या दिवशी प्लेयर मांडीवर घेऊन रेल्वेनं परतूरला गेलो. वहिनींनी चांगलं लुगडं नेसलं होतं. त्या प्लेयरसमोर येऊन बसल्या. कानात मशीन होतं. मी पुन्हा एकदा सुई काट्यावर टेकवली, बराबर दोन. मंग तबकडी लावली अन् सुई खाली सोडली.

भाऊ गायला. काय सांगू! पहिल्या शब्दाआधी त्यानं घेतलेला श्वाससुद्धा आला. कुठं खरखर न्हाई, कुठं अडकणं न्हाई. माझ्या डोळ्यांना धार लागली, अन् वहिनींना ती दिसू नये म्हणून मी काट्यावर वाकून उगीच आकडा बघितल्यासारखं केलं. एक कडवं झालं. दुसरं चालू झालं.

वहिनी हात मांडीवर ठेवून फिरणाऱ्या तबकडीकडं बघत होत्या. मंग माझ्याकडं वळून जरा मोठ्यानंच म्हणाल्या, "किती मोजता, भाऊजी? लावा की आता."