हिरव्या सायकलीचा धनी

गणेमुल्ला स्टेशनाला लागून सोमलताचं अंगण होतं. कोलंबोला नोकरीला जाणारी माणसं पहाटे पाचपासून तिथे सायकली लावून गाडी धरायची, आणि संध्याकाळी उतरली की आपापली सायकल काढून घरी जायची. मधला सगळा दिवस पत्र्याखाली सायकली आणि स्टुलावर सोमलता. नवरा गेल्यापासून एकोणीस वर्षं तिचा हाच उद्योग होता.

सायकली बघून तिला माणसं कळत. हँडलला डब्याऐवजी पावाची पिशवी लटकलेली दिसली की घरात कालपासून अबोला आहे. मागे दप्तर बांधलेलं दिसलं की धाकटी शाळेत जायला लागली. धाकटी जाऊ म्हणायची, "आमच्या अक्काच्या पोटात काही राहत नाही." हे खोटं होतं. तिच्या पोटात सगळं राहायचं. फक्त आधी ते तिच्या पोटात गेलं पाहिजे, एवढाच तिचा हट्ट असायचा.

या हट्टाला एकच माणूस पुरून उरला होता. हिरव्या सायकलीवाला. अकरा वर्षांत "होय अक्का" आणि "बरं अक्का" यापलीकडे त्याच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. चाकांवरच्या लाल धुळीवरून तो वीटभट्टीच्या रस्त्याने येतो, एवढं तिने ताडलं होतं. त्याचं नाव-गाव, बायको-मुलं काही म्हणता काही तिला ठाऊक नव्हतं, आणि हे तिला फार लागायचं.

आता तर वेळच उरली नव्हती. दिराने अंगण विकलं होतं. शनिवारी सकाळी ती मुलीकडे कुरुनेगलाला राहायला निघणार होती. सगळ्यांनी आपापल्या सायकली नेल्या, निरोप घेतला, एकाने तर डोळे पुसले. हिरवी सायकल तेवढी नऊ दिवस जागची हलली नव्हती. शनिवारनंतर नव्या मालकाची माणसं पत्रे उतरवणार आणि सायकल भंगारात घालणार, हे उघड होतं. जिने एकोणीस वर्षांत कुणाचा पंपसुद्धा हरवू दिला नाही, तिला हे सोसणारं नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी तिने गाडीत त्याच्याबरोबर बसणाऱ्या मंडळींना फलाटावरच गाठलं.

"कोपऱ्यात बसणारे साहेब ना?" त्यातला एक जाडगेला म्हणाला. "नऊ दिवस दिसले नाहीत. जागा धरून ठेवतो आम्ही रोज. त्यांच्या फणसाच्या कालवणाशिवाय जेवण जात नाही."

"नाव काय त्यांचं?"

सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले.

"अकरा वर्षं त्यांच्या डब्यातलं फणसाचं कालवण चापलंत," सोमलता म्हणाली, "आणि नाव विचारायला तोंड दुखलं होय?"

"आम्ही निदान जेवलो तरी अक्का. तुमच्या तर अंगणात सायकल असायची."

हे तिला झोंबलं. घरी येऊन तिने रागारागाने सायकलीची धूळ पुसली.

गुरुवारी सकाळी मासेवाला ओरडत आला आणि बोलता बोलता म्हणाला, "भट्टीच्या रस्त्याला पांढरी निशाणं लागलीत. मयताचं घर आहे."

सोमलता स्टुलावरून ताडकन उठली. नऊ दिवस, म्हणजे आजारी होता बिचारा, आणि आपण त्याला कंजूष, घुम्या, काय काय म्हणत होतो. तिने पांढरी साडी काढून नेसली. आपल्याकडे मयताच्या घरी बोलावणं लागत नाही. निशाणं दिसली की जायचं. सायकलीत हवा भरून, ती हातात धरून ती निघाली. निशाणं संपतील तिथे सायकल त्याच्या बायकोच्या हाती द्यायची, एवढंच तिच्या मनात होतं.

घर सापडलं. अंगणात मांडव, खुर्च्या, शेजारच्या घरातून येणारा चहा. सोमलताने सायकल थेट ओटीच्या पायरीला लावली आणि दारातल्या मुलीचा हात धरून रडायलाच लागली.

"अकरा वर्षं सांभाळली गं मी. एक ओरखडा नाही. आता कुणी बसणार नाही हिच्यावर."

ती मुलगी, चंपिका तिचं नाव, गोंधळून गेली. "आत्याबाई, आमच्या आजी त्र्याण्णव वर्षांच्या होत्या. सायकलीवर कधी बसल्या नाहीत."

सोमलताने आत डोकावलं. शवपेटीत खरंच एक सुरकुतलेली म्हातारी शांत झोपली होती. शेजारच्या बाया पदर तोंडाला लावून हसू दाबत होत्या. सोमलताचे डोळे जागच्या जागी सुकले.

"अगं, ही सायकल तर माझ्या ओळखीची," त्यातली एक म्हणाली. "रोज पहाटे आमच्या कुंपणावरून जायची. माणूस काही बघितला नाही बाई कधी. अंधारात जायचा, अंधारात यायचा."

तेवढ्यात मांडवाच्या मागे, मयताच्या घरी रिवाजाने मांडतात तसा, पत्त्यांचा डाव चालला होता तिथून एक माणूस उठला. पत्ते खेळणाऱ्यांनी त्याला पाहुणा समजून दोनदा चहा दिला होता. तो तिथून चौथ्या घरात राहत होता.

"अक्का," तो म्हणाला.

सोमलताने आवाज ओळखला. उजेडात तिने त्याला पहिल्यांदाच नीट बघितलं. कानावर पांढरे केस होते, हनुवटीवर तीळ होता.

"जिवंत आहात?" तिने विचारलं, आणि मग तिला रागच आला. "जिवंत आहात तर सायकल न्यायला काय झालं होतं? मी पांढरी साडी नेसून आले तुमच्यासाठी!"

"बसा," तो म्हणाला. मांडवाच्या कडेला दोघं बसली. त्याचं नाव पियतिस्स. कोलंबोत जमीन-मोजणीच्या कचेरीत नकाशे काढायचा. दहा दिवसांपूर्वी निवृत्त झाला. रिवाजाप्रमाणे कचेरीच्या लोकांनी त्याला व्हॅनमध्ये घालून, भेटवस्तूंसकट घरी आणून सोडलं. सायकल राहिली.

"दुसऱ्या दिवशी न्यायची होती की."

"आलो होतो. साडेचारला जाग आली. बायकोने सवयीने डबाही बांधला होता. तुमच्या फाटकापर्यंत आलो. सायकल आत उभी होती, रोजच्यासारखी. मनात आलं, ती तिथे आहे तोवर मी कामावर गेलेला आहे. परत गेलो. रोज येतो नि परत जातो."

त्याचा एवढा मोठा शब्दसाठा अकरा वर्षं कुठे होता, असा एक विचार सोमलताच्या मनात येऊन गेला. मग तिने त्याला अंगण विकल्याचं सांगितलं, कुरुनेगलाचं सांगितलं, दुखऱ्या गुडघ्यांचंही सांगितलं.

"मग तुम्हीपण निवृत्तच," पियतिस्स म्हणाला.

हे तिला कुणी म्हटलं नव्हतं. लोक म्हणत होते, अक्का मुलीकडे चालली, नशीबवान आहे. तिला एकदम खूप वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं.

"कितीची गाडी?" त्याने विचारलं.

"सव्वासहाची. कोलंबोच्या उलट दिशेची. तुम्हाला कशाला?"

"असंच."

शनिवारी सोमलता दोन बोचकी घेऊन फलाटावर उभी होती. समोरच्या फलाटावरची कोलंबोची गाडी तिने रोजच्यासारखीच, चढणारी माणसं मनातल्या मनात मोजून, रवाना केली. एवढ्यात पियतिस्स आला, हिरवी सायकल हातात धरून, इस्त्रीचा शर्ट घालून. त्याने तिची बोचकी डब्यात चढवली, खिडकीची जागा मिळवून दिली, आणि खाली उभा राहिला.

"जा आता," ती म्हणाली. "उशीर होईल."

"कशाला उशीर होईल अक्का?"

दोघंही हसली. गाडी हलली. एकोणीस वर्षं तिने या स्टेशनातून अख्खं गाव पोचवलं होतं. तिला पोचवायला कुणी आलं आहे, असं आज पहिल्यांदाच घडत होतं. तिने खिडकीतून हात बाहेर काढला आणि फलाट दिसेनासा होईपर्यंत आत घेतला नाही.