मागे पडलेली प्रकरणं

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. नागपूरच्या एका सरकारी कार्यालयात मी भाषांतरकार होते. तालुक्याच्या कचेऱ्यांत नुकतेच संगणक बसले होते आणि त्यांवरच्या पगाराच्या प्रोग्रामचं माहितीपुस्तक इंग्रजीतून मराठीत आणणं हे माझं काम. आमचे इंजिनीअर साहेब प्रोग्राम बदलला की इंग्रजी पुस्तकही बदलत, पण मला सांगायचं राहून जाई.

एकदा मौद्याहून एक वयस्क कारकून माझं पुस्तक घेऊन आले. म्हणाले, "बाई, पुस्तकात एक लिहिलं आहे अन् मशीन दुसरंच मागून राहिली. आमी कोणाचं ऐकावं?"

मी त्यांच्या हातून पुस्तक घेतलं आणि ते पान उघडलं.

कामठीहून बसने येणारी आमची प्रोग्रामर शेजारीच बसायची. तिने हे ऐकलं. प्रोग्रामचे तुकडे जोडायला ती 'मेक' नावाचं साधन वापरायची. कुठली फाईल कधी बदलली हे पाहून ते जरूर तेवढेच तुकडे नव्याने तयार करायचं. तिने त्यालाच माझ्या पुस्तकाची इंग्रजी-मराठी प्रकरणं लावून दिली. इंग्रजी प्रकरण मराठीपेक्षा नवं निघालं, तर पुस्तक तयार करायचं नाही, त्या प्रकरणाचं नाव सांगायचं.

पहिल्यांदा चालवलं तेव्हा पडद्यावर जवळजवळ सगळ्याच प्रकरणांची नावं आली. माझा चेहरा उतरला.

"नाराज काहून होतं वं?" ती म्हणाली. "काल तुले हेही माहीत नव्हतं."

साहेबांना छपाईची घाई होती. मराठी फायलींवरच्या वेळा नव्या करा, म्हणजे मेक अडवणार नाही, आणि पुस्तक काढा, असं त्यांचं म्हणणं. तिने वाद घातला नाही. त्यांना बसवून एक जुनं पान दाखवलं. माझ्या पुस्तकात जी कळ दाबून नोंद जपायची होती, तीच आता नोंद पुसत होती. त्यांनी ती कळ स्वतः दाबून पाहिली. मग त्यांनी पोळ्यापर्यंत मुदत दिली.

मी कामाला लागले. रोज एखाददुसरं नाव पडद्यावरून कमी व्हायचं आणि घरी जाताना पाय हलके वाटायचे. मुदतीच्या आधीच पुस्तक छापायला गेलं.

पुढे साहेब स्वतःच चहाचा कप घेऊन माझ्या टेबलाशी येऊ लागले. "हे प्रकरण बदलू का, की तुमचं चालू आहे?" असं विचारायचे. माझ्या या प्रोग्रामर मैत्रिणीने मग प्रोग्रामच्या पडद्यावर येणाऱ्या सूचनाही मराठीत करायचं मनावर घेतलं. 'एरर'ला काय म्हणायचं यावर आमची दुपार गेली.