आप्पांचं सिनेमात एकच वाक्य होतं, तेही पुसलं

रविवारी दुपारी मी शहराच्या टोकाच्या आमच्या घरात आधी टीव्हीवर ओरडले आणि मग फोनवर. सोसायटीतल्या खालच्या मजल्यापर्यंत आवाज गेला म्हणे. कारण सांगते, तुम्हीच ठरवा माझं चुकलं का...

माझे वडील, आप्पा, वैजापूर तालुक्यात मेंढरं राखायचे. त्यांना जाऊन बारा वर्षं झाली. तेव्हा घरात साधा बटणांचा फोन, त्यामुळं व्हिडिओ वगैरे काही नाही. फोटो दोनच, त्यातला एक रेशनकार्डावरचा.

मागच्या महिन्यात आई मेथी निवडता निवडता म्हणाली, "त्यांचं तोंड डोळ्यापुढं येतंय गं, पण आवाजच आठवंना. लई आठवून पाहिलं." एवढं बोलून ती परत मेथीकडं वळली. मला मात्र दिवसभर काही सुचेना.

आणि मग आठवलं... आप्पांचा आवाज एका ठिकाणी आहे की! सिनेमात!

मी जन्मायच्या आधीची गोष्ट. दुष्काळ पडला होता आणि दुष्काळावरच सिनेमा काढायला एक युनिट आमच्या गावात आलं होतं. टँकरच्या सीनला माणसं हवी होती, मेंढरंही हवी होती. डायरेक्टर आप्पांना म्हणाला, हा टँकरवाला पाणी द्यायला नाही म्हणतोय, तुम्ही खरोखर जे बोलाल ते बोला. आप्पा बोलले, "भाडखाव, पाणी काय तुझ्या बापाचं हाय का?"

एका टेकमध्ये ओके! शहरातल्या थिएटरात सिनेमा लागला तेव्हा निम्मं गाव बघायला आलं होतं, नव्या नवरीच्या थाटात आईसुद्धा. त्या वाक्याला शिट्ट्या पडल्या. पुढं आयुष्यभर गाव आप्पांना 'हिरो'च म्हणायचं.

तो सिनेमा पुन्हा कुठं दिसला नव्हता. गेल्या आठवड्यात शोधता शोधता एका अॅपवर सापडला. वर लिहिलेलं, 'कुटुंबासह पाहण्यासाठी नव्या रूपात'. मी तर आनंदानं उडायचीच बाकी होते.

रविवारी आईनं ठेवणीतली साडी नेसली. खुर्ची ओढून टीव्हीच्या अगदी जवळ बसली. नवरा, लेक, सगळे शेजारी. टँकर आला, गर्दी झाली, आणि गर्दीच्या पुढं आप्पा! कोवळे, पटका बांधलेले, बोट उगारलेले. त्यांनी तोंड उघडलं...

आणि आवाज गायब.

ओठ हलताहेत, खाली सबटायटलमध्ये अक्षरांऐवजी नुसत्या चांदण्या. अख्खं वाक्य साफ. पुढच्या क्षणी टँकरवाल्याचं उत्तर मात्र ठणठणीत ऐकू आलं. आई माझ्याकडं वळून म्हणाली, "टीव्ही बिघडला का गं?"

टीव्ही कुठला बिघडतोय! अहो, याच सिनेमात दहा मिनिटं आधी पाटील बायकोला चाबकानं मारतो. त्याचा फटका न फटका ऐकू येतो. ते कुटुंबासह बघायला चालतं! याच अॅपवर नव्या सिरीजमध्ये माणसं चहा मागतानासुद्धा शिव्या देतात. तेही चालतं! सोवळं पाळायचं ते फक्त जुन्या सिनेमातल्या मेंढपाळासाठी.

बरं, शिवी एका शब्दाची. बाकीच्या वाक्यात काय घाण होती? पाणी काय तुझ्या बापाचं आहे का, हे तर आम्ही दर उन्हाळ्यात विचारतो. इथं पूर्वी नुसता माळ होता, आता सात सात मजले चढलेत, आणि पाणी टँकरचंच. फरक एवढाच की आम्ही ते व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'कृपया' लावून विचारतो.

मी कस्टमर केअरला फोन लावला आणि तावातावानं गॅलरीत गेले. ओरिजिनल आवाजाचा सिनेमा द्या म्हटलं. पलीकडच्या ताई म्हणाल्या, यही व्हर्जन है मॅडम. मी म्हटलं, अहो, तो माझा बाप आहे! त्या म्हणाल्या, "आय अंडरस्टँड युवर कन्सर्न." माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू... मी जे सुरू झाले ते थांबेचना.

आत सिनेमा तसाच चालू होता. तेवढ्यात नवरा धावत गॅलरीत आला आणि तोंडावर बोट ठेवून मला आत ओढायला लागला. आत गेले तर आईची खुर्ची रिकामी.

झालं होतं असं... पुढच्या सीनमध्ये टँकरचा पाइप निसटतो, पाणी जमिनीवर सांडतं आणि आमची मेंढरं तिकडं धावतात. आप्पा त्यांच्यामागं पळत हाळी देतात. जीभ टाळूला लावून काढलेला तो लांबलचक आवाज, शेवटाला उंच जाणारा. त्यात शब्द एकही नाही, त्यामुळं कुणी पुसला नाही. आणि मी शहाणी तेव्हा गॅलरीत भांडत होते!

आई किचनमध्ये होती. गॅसवर चहाचं आधण. गावाकडं संध्याकाळी ओढ्याच्या बाजूनं ती हाळी आली की आई चहा टाकायची, मेंढरं कोंडून होईपर्यंत चहा तयार. कित्येक वर्षं हेच.

"काय करतीयस गं?" मी विचारलं.

"आले नव्हं का ते..." म्हणाली, आणि तिचं तिलाच कळलं. पदर तोंडाला लावून हसली, रडली, दोन्ही. "असाच व्हता गं आवाज. अगदी असाच."

मग लेकीनं सिनेमा मागं नेला. आईनं तो आवाज किती वेळा ऐकला, आम्ही मोजलं नाही. फोनवरच्या ताई अजून लाइनवर होत्या. त्यांना म्हटलं, राहू द्या आता.

सिनेमा धुवून पुसून देणाऱ्यांनो, तुमच्यावरचा माझा राग तसूभरही कमी झालेला नाही. पण मेंढरांशी बोललेलं तुमच्या यादीत नव्हतं, म्हणून माझ्या आईला तिचा माणूस ऐकू आला. तेवढ्यापुरते आभार.