शिक्क्याची बाजू

अमेरिकेतल्या एका मोठ्या संग्रहालयात आज एक निसर्गचित्र टांगलेलं आहे आणि त्यातला डावीकडचा खालचा वीतभर भाग माझा आहे. हे मी आर्वीच्या बसस्टँडवर सांगितलं की लोक आधी माझ्या तोंडाचा वास घेतात. म्हणून लिहून ठेवतो. वास घ्यायचाच तर आता शाईचा घ्या.

गावाचं नाव सांगत नाही. रोहण्याहून सायकलीनं अर्ध्या तासात येतं, एवढं पुरे. तिथली माणसं मला अजून बाजारात भेटतात आणि वांगी निवडता निवडता जुनी भांडणं उकरून काढतात. तिथल्या शाळेत मी चित्रकलेचा मास्तर होतो, तोही टेंपररी. चित्रकला म्हणजे वर्षभर आंबा आणि मडकं, आणि पंधरा ऑगस्टला फळ्यावर झेंडा. शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष होते जिनवाले शेट. तालुक्यातला अर्धा कापूस त्यांच्या जिनिंगमधून जायचा आणि सगळ्या मास्तरांच्या नोकऱ्या त्यांच्या मानेवर चालायच्या. मान उभी हलली की मास्तर कायम, आडवी हलली की मास्तर घरी. माझ्या बाबतीत ती मान तीन वर्षं नुसतं पान चघळत होती.

अशात गावोगाव विकास योजनेच्या जीपा फिरू लागल्या आणि एका जीपमधून अमेरिकन साहेब उतरला. शेतीतला तज्ज्ञ. उंची अशी की रेस्ट हाउसच्या खोलीत तो तिरपा झोपला तरी पाय व्हरांड्यात यायचे आणि पहाटे दूधवाला त्याच्या अंगठ्याला किटली अडकवून जायचा. वर्षभर त्यानं आमच्या लोकांना कंपोस्टचे खड्डे खणायला शिकवलं. लोकांनी खणले, साहेबाबरोबर फोटो काढले आणि जीप वळली की त्यात शेळ्या कोंडल्या. साहेबाची दुसऱ्या देशात बदली झाली तेव्हा त्याच्या सामानात एक मोठं चित्र उरलं. त्याच्या गावाकडच्या रानाचं, तिकडच्या एका चित्रकार मित्रानं काढलेलं. 'परत येईन तेव्हा नेईन, तोवर शाळेत लावा' असं सांगून त्यानं ते शेटच्या गाडीवानाबरोबर पाठवून दिलं.

चित्र नव्या तऱ्हेचं होतं. खाली पिवळा पट्टा, मधे विटकरी टेकड्या, त्याही अशा की कुणीतरी लग्नाची पातेली धुऊन पालथी घातली आहेत. वर हिरवट आभाळ. माणूस नाही, झाड नाही, कुंपणसुद्धा नाही. मी पाहिलं आणि मडकं काढण्यात माझी जी वर्षं गेली ती सगळी मला एकदम आठवली.

गाडीवानानं चित्र खाली उतरवलं, बैलाच्या पाठीला हात टेकून थोडा वेळ बघितलं.

"रान मोठं आहे जी," तो म्हणाला. "पण विहीर कुठीच नाई. ढोर पिईन काय?"

त्या गावात माझ्याशिवाय ते चित्र समोरून नीट पाहणारा हा पहिला माणूस, आणि जवळजवळ शेवटचाही.

कारण मी चित्र हेडमास्तरांच्या खोलीत टांगलं, तर ते कडाडले. हेडमास्तर आधी कितीतरी वर्षं एका कचेरीत कारकून होते आणि शाळेत आले ते कचेरी अंगात घेऊनच आले. स्वतःच्या बायकोला ते अर्जावर शेरा मारल्यासारखं उत्तर द्यायचे. त्यांनी चित्र उतरवून उलटं केलं. पाठीवर अमेरिकेतल्या दोन-तीन प्रदर्शनांच्या चिठ्ठ्या, टाइप केलेलं मालकाचं नाव, एक नंबर आणि बंदरावरच्या कस्टमचा जांभळा गोल शिक्का.

"बाप्पा!" हेडमास्तर म्हणाले. "शिक्क्याची बाजू भिंतीकडे करून राह्यले? कोनत्या कॉलेजात शिकले तुमी?"

"सर, चित्र पलीकडच्या बाजूला आहे."

"चित्र असंन. पण कागदपत्र इकडे आहे ना?"

चित्र उलटं टांगलं गेलं. पाठ खोलीत, तोंड भिंतीकडे. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी चष्मा लावून ती पाठ वरपासून खालपर्यंत वाचली आणि मान डोलावली. पोराच्या दाखल्यासाठी आलेला बाप त्या शिक्क्याकडे बघून चपला बाहेर काढायचा. आणि त्या विटकरी टेकड्यांवर, भिंतीच्या सावलीत, पालीच्या दोन पिढ्या लहानाच्या मोठ्या झाल्या. त्यांना तरी रसिक म्हणावं लागेल.

मग हेडमास्तरांच्या डोक्यात आलं की त्या चिठ्ठ्या प्रदर्शनांच्या आहेत, तर आपली का नको? तालुक्याच्या शेतकी प्रदर्शनात चित्र गेलं, अर्थात पाठ पुढं करून. एका बाजूला बैलाएवढा भोपळा, दुसऱ्या बाजूला भोपळ्याएवढा बैल. परीक्षकांनी त्याला 'नकाशे व तक्ते' या वर्गात उत्तेजनार्थ बक्षीस दिलं. कशाचा नकाशा, हे कुणी विचारलं नाही. हेडमास्तरांनी खळ लावून चिठ्ठी चिकटवली आणि शाळेचा शिक्का मारला. पुढं स्नेहसंमेलन, हळदीकुंकू, नव्या विहिरीचं उद्‌घाटन, जिथं म्हणून चार माणसं जमली तिथं चित्र गेलं आणि पाठीवर एक चिठ्ठी घेऊन आलं. मधेच नागपूरची राजधानी गेली, आम्ही मुंबई राज्यात आलो, शाळेचा शिक्का बदलला. हेडमास्तर एक अख्खा रविवार जुन्या चिठ्ठ्यांवर नवे शिक्के मारत बसले. अमेरिकेच्या चिठ्ठ्यांवरही मारले. आता त्या मुंबई राज्यात ग्राह्य होत्या.

आणि मग शेटच्या मुलीचं लग्न निघालं. नवरा-नवरीच्या खुर्च्यांमागं काहीतरी रंगीत पाहिजे म्हणून शेटनी चित्र मागवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते चारचौघांत तोंड पुढं करून उभं राहिलं, आणि शेटचं तोंड पडलं.

"अरे मास्तर, हे काय आहे? ना झाड, ना ढोर. शुभकार्यात ओसाड रान मांडू काय मी? व्याही म्हणन, पोरगी दुष्काळात देऊन राह्यले."

"शेटजी, हे अमेरिकेचं रान आहे."

"असू दे ना! अमेरिकेत बैल नसते काय? एक जोडी काढून टाक. परवा लग्न आहे." मग पान डाव्या गालातून उजव्या गालात गेलं. "अन् तुझा कायमचा कागद बी आहे म्हणतात टेबलावर."

दुसऱ्याच्या चित्रावर ब्रश लावणं हे पाप आहे, हे मला कळत होतं. कागद टेबलावर आहे, हेही कळत होतं. मी घरी गेलो. तैलरंग आमच्याकडं नव्हतेच. होता तो पोळ्याला बैलांची शिंगं रंगवण्याचा रंग, जो ऊन, पाऊस आणि बैलाची खाज या तिन्हींना पुरून उरतो. शाळेच्या फाटकासमोर गाडीवानाचा एक बैल बांधलेला असायचा, डावं शिंग खाली झुकलेला. त्याच्याकडं बघून मी दिवसभर काढला. खोटं सांगत नाही, आणि मी सहसा सांगतो, पण असं काम माझ्या हातून आधी कधी झालं नव्हतं आणि नंतरही नाही. त्या बैलाच्या वशिंडावर अमेरिकेचं ऊन बरोबर पडलं होतं. जोडी काढायला मात्र वेळ उरला नाही.

"एकच?" शेट म्हणाले. "जोडीदार कुठी आहे?"

"टेकडीमागं पाणी प्यायले गेला, शेटजी."

शेटनी टेकडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि मान उभी हलली. पण कागदावर सही नंतर करू, म्हणाले.

तो 'नंतर' यायच्या आत साहेबाचं पत्र आलं. चित्रकार मित्र आता तिकडं फार मोठा झालाय, त्याचं मोठं प्रदर्शन भरायचंय, चित्र न्यायला येतो. हेडमास्तरांनी पत्र माझ्या अंगावर फेकलं. शेटकडं गेलो तर ते म्हणाले, "बैल? कोनता बैल? मले काई माहीत नाई." हेडमास्तरांनी तर शेराच मारला की चित्राची जबाबदारी चित्रकलेच्या मास्तराची. साहेबानं तक्रार केली तर कायम व्हायचं दूरच, टेंपररीही राहणार नाही हे मला स्वच्छ दिसलं.

मी घासलेट आणि चिंधी घेऊन बसलो. एक तास घासलं. टेकडीचा रंग चिंधीला यायला लागला, पिवळा पट्टा ओला झाला, अख्खी अमेरिका पुसून निघायची वेळ आली, बैल तसूभर हलला नाही. शेवटी मी चित्र पुन्हा भिंतीला तोंड करून टांगलं आणि राजीनाम्याचा मजकूर मनात पाठ करू लागलो.

साहेब आला. दारातून वाकून आत शिरला आणि भिंतीवरची पाठ बघून तिथंच थबकला. शेतकी प्रदर्शन, हळदीकुंकू, विहिरीचं उद्‌घाटन, सगळ्या चिठ्ठ्या त्यानं हेडमास्तरांकडून अर्थ लावून घेतल्या. प्रत्येक चिठ्ठीवरून हात फिरवला. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. इतकी वर्षं इतक्या लोकांनी हे चित्र पाहिलं, जपलं, असं काहीसं तो म्हणाला. हेडमास्तर असे उभे की चित्र त्यांनीच काढलं असावं. मी कोपऱ्यात घामानं निथळत होतो. आता उलटं करेल, आता करेल.

नाही केलं. त्यानं तसंच ते तरटात गुंडाळलं, सुतळी बांधली, गाडीवानाच्या बैलगाडीत घातलं आणि आर्वीहून छोट्या रेल्वेगाडीनं पुलगावला निघून गेला.

शेटनी त्याच संध्याकाळी माझ्या कागदावर सही केली. मी कायम झालो. पेढे वाटले. आणि पेढा तोंडात असतानाच मला असा संताप आला म्हणून सांगू! ज्याच्या बापजाद्यांचं ते रान, त्यानंसुद्धा ते समोरून पाहिलं नाही. एवढ्या लांबून आला आणि आमच्या हेडमास्तरांसारखाच शिक्के मोजून गेला. अन् माझा बैल?

दोन-तीन वर्षांनी साहेबानं त्या प्रदर्शनाचं छापील पुस्तक शाळेला पाठवलं. हेडमास्तरांनी उलटंसुलटं करून माझ्याकडं ढकललं. "याच्यावर शिक्का नाई. तुमीच ठेवा."

पुस्तकात आमच्या चित्राचा काळापांढरा फोटो होता आणि खाली बारीक अक्षरात त्याचा इतिहास. कुणाकडून कुणाकडं गेलं, कुठं कुठं मांडलं गेलं, शेवटी कोणत्या संग्रहालयाला दिलं गेलं. सगळी अमेरिकेची गावं. भोपळ्याचा उल्लेख नाही, शेटच्या मुलीच्या लग्नाचा नाही. आमची सगळी वर्षं एका ओळीत गुंडाळलेली होती: मालकासोबत हिंदुस्थानात. समोरच्या पानावर कुणा विद्वानानं त्या चित्राचं मर्म सांगितलं होतं. खाली डावीकडं जो काळपट दगड आहे, त्यात म्हणे माणसाचा सारा एकटेपणा साठलेला आहे.

दगड! चार पाय, एक वशिंड आणि झुकलेलं शिंग असलेला दगड! मी ते पुस्तक घेऊन तसाच बाहेर पडलो. जिनिंगच्या फाटकाशी गाडीवान बिडी ओढत बसला होता. मी पान उघडून त्याच्यापुढं धरलं.

त्यानं बिडी विझवली.

"हा त माहा डाव्या शिंगाचा!" तो म्हणाला. "मेला बिचारा गेल्या उन्हाळ्यात. पण काऊन एकटा उभा केला जी त्याले? याचा जोडीदार कुठी आहे?"

"टेकडीमागं. पाणी प्यायले गेला."

गाडीवानानं पुस्तक आणखी जवळ घेतलं, टेकडीवर बोट ठेवलं आणि समाधानानं मान हलवली.

"म्हंजे विहीर खंदली त्याईनं," तो म्हणाला.