तार्सिहच्या बारा ताटल्या

तार्सिह आमच्याच गल्लीतली, एकोणीस वर्षांची. पहाटेपासून धक्क्याजवळच्या शेडमध्ये उकडलेले शिंपले सोलते. दुपारी घरी येते तेव्हा बोटांची टोकं पांढरीफटक सुरकुतलेली असतात. आई गेली, धाकटी बहीण इदा हिच्याच पदरात. सात वर्षांच्या त्या पोरीचे डोळे सदा लाल, सकाळी कोमट पाण्याने पुसल्याशिवाय उघडत नाहीत. दवाखान्यातली बाई म्हणाली, "धुळीपासून लांब ठेवा." तार्सिहने विचारलं, "लांब म्हणजे कुठे, समुद्रात?"

धूळ कोळशाची. धक्क्याच्या कुंपणापलीकडे तिचे उघडे ढीग आहेत. उत्तर जाकार्ताच्या या टोकाला वारा सुटला की नमाजाला डोक्यावरून अंगभर घ्यायचा पांढरा मुकेना दोरीवर वाळायच्या आत करडा होतो. तशा कपड्यात अल्लाहपुढे उभं राहायची मला लाज वाटते. मी दिवसातून चारदा झाडते. तीस वर्षं नशीब म्हणून झाडत आले.

तार्सिहने झाडायचं सोडून मोजायला घेतलं. तिने आणि तिच्या चार मैत्रिणींनी बारा घरांतून एकेक पांढरी ताटली मागून आणली, मागे तारखेची चिकटपट्टी लावली आणि ज्याच्या त्याच्या छपरावर वीस दिवस ठेवली.

"बू कस्मी," ती मला म्हणाली (वडीलधाऱ्या बाईला इकडे बू म्हणतात, पुरुषाला पाक), "ढीग झाकायला लावायचे तर पाहणीला येणाऱ्या साहेबाला डोळ्यांनी दिसायला हवं. तुमची सवय मला ठाऊक आहे. फडकं लपवून ठेवा."

"मी काय लहान आहे?"

"लहान असता तर ऐकलं असतंत."

तार्सिहच्या तक्रारीवरून पर्यावरण कार्यालयाचे साहेब गुरुवारी दुपारी यायचे होते. आले सकाळी दहालाच. वस्तीप्रमुख पाक जुमादी धावत आले, "बायांनो, पाहुणे! केळी तळा, लवकर!" तार्सिह कामावर. आमच्याकडे पाहुणे आले की ताटल्या गल्लीभरातून गोळा करतात, आणि त्या दिवशी चांगल्या ताटल्या सगळ्या छपरांवर होत्या.

"वर त्या काळ्याकुट्ट पडल्यात," शेजारची बू रास्मी म्हणाली. "पाहुण्यांनी पाहिल्या तर म्हणतील, कसल्या घाणेरड्या बायका!"

मला ठाऊक होतं त्या कशाला ठेवल्यात ते. तरी शिडी मीच लावली. बाराही ताटल्या मीच घासल्या, पुन्हा पुन्हा, अगदी लख्ख. गल्लीही झाडून काढली, पाणी मारलं.

साहेबांनी गरम केळ्याचा तुकडा मोडला. "वा, किती स्वच्छ वस्ती!"

तेवढ्यात कुणीतरी कळवलं म्हणून तार्सिह धापा टाकत आली, अंगाला शिंपल्यांचा वास. "धूळ कुठाय, पोरी?" साहेबांनी विचारलं. तिने वर पाहिलं, छप्पर रिकामं. मग साहेबांच्या हातातली ताटली पाहिली, ती हलकेच घेतली आणि उलटी केली. केळी जमिनीवर. मागे चिकटपट्टी तशीच होती.

"हिच्यावर होती."

"अगं, साहेबांचं खाणं!" पाक जुमादी ओरडले. साहेब हसले. कागदावर लिहिलं, परिसर स्वच्छ. पुढची पाहणी सहा महिन्यांनी.

संध्याकाळी मी तिच्या दारात गेले. ती इदाचे डोळे पुसत होती.

"तुम्हीच धुतल्यात ना, बू?"

"पाहुणे होते गं."

"हो. केळी चांगली झाली होती म्हणे."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. आवाजात राग नव्हताच, नुसता थकवा. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "पट्ट्या संपल्यात. उद्या आणेन."

शुक्रवारच्या नमाजानंतर मी माझी ताटली घेऊन शिडी चढले. गुडघे कुरकुरत होते. खाली तार्सिह उभी होती, हातात पट्टी घेऊन. "बू, पडाल."

"पडले तर पडले."

आज चौथा दिवस. खिडकीतून शेजारच्या छपरावरची ताटली दिसते. तिच्यावरचं निळं फूल आता दिसत नाही. हात शिवशिवतो. फडकं मी इदाच्या घरी ठेवलंय, सहा महिन्यांसाठी.