लेकीची जीभ

माझ्या लेकीच्या तोंडावर पहिली चापट मारली ती मीच. ती पाच वर्षांची होती. डाऊन सिंड्रोम घेऊन जन्मलेली, अंगानं सैल, आणि जीभ सदा ओठांबाहेर. चौसाळ्याच्या बाजारात एक बाई तिच्याकडं बघून तोंडाला पदर लावून हसली. बाईला बोलायचं सोडून मी पोरीलाच हाणलं. "आत घे!" जीभ दातांत सापडली, रक्त आलं.

त्या दिवसापासून घरात सगळ्यांना जणू मोकळीकच मिळाली. दीर जाता-येता तिच्या हनुवटीखाली बुक्की मारायचा. सासू ओठांना चिमटे काढायची. जीभ जखमांनी सुजली, आणखीच बाहेर आली. पोरीनं खाणं सोडलं.

मग सासूनं डाग देणाऱ्या एका म्हाताऱ्याला बोलावलं. मी नळावरून पाणी घेऊन आले, तर नवऱ्यानं पोरीला मांड्यांत आवळून धरलेलं, दिरानं फडक्यानं तिची जीभ ओढलेली, आणि म्हातारा चुलीतून लाल सळई काढत होता.

"सोडा तिला!"

"गप बस," सासू म्हणाली. "एकदा डाग दिला की जीभ आत जातीय. लोक हसत्यात ते बरं वाटतंय व्हय तुला?"

मी नवऱ्याकडं वळले. "आवं, तुमचीच लेक हाय ती."

त्यानं मान खाली घातली. हात मात्र सैल केले नाहीत.

म्हातारा वाकला. मी भरलेली कळशी त्याच्या खांद्यावर घातली. सळई नवऱ्याच्या पोटरीवर पडली, तो किंचाळला. दिरानं केस धरून मला उंबऱ्यावर आपटलं. भुवई फुटली. मी त्याच्या मनगटाचा चावा घेतला आणि तो ओरडेपर्यंत सोडला नाही.

तशीच पोरीला कडेवर घेऊन हायवेवर आले आणि बीडची एसटी धरली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी माझी भुवई शिवली, मग पोरीचं तोंड तपासलं.

"जीभ मोठी नाही हो. तोंड लहान आणि स्नायू सैल, म्हणून ती बाहेर येते. व्यायामानं हळूहळू फरक पडेल. पण या जखमा कुणी केल्या?"

"घरच्यांनी," मी म्हणाले. मग पोरीकडं बघत, "म्या बी."

आम्ही आष्टीला माझ्या बहिणीकडं राहिलो. महिन्याभरानं नवरा लंगडत आला.

"कशाला आलात?"

"तिला बघाया."

त्याला बघताच लेकीनं दोन्ही तळव्यांनी तोंड झाकून घेतलं. तो दारातच खाली बसला आणि रडला. मी त्याला आत या म्हणाले नाही.

आता ती व्यायाम म्हणून नळीनं ताक पिते, शिट्टी वाजवते. जीभ बरीचशी आत राहते. दमली की बाहेर येते. येऊ दे.